परदेशी प्रकल्प आणि आपले अभियंते

माजी विद्यार्थी परदेशी प्रकल्पावर अभियंता म्हणून रुजू झाला की आपण आधी पगार विचारतो. १९४३ च्या महापुरानंतर दामोदर खोऱ्याची योजना आखली गेली, तेव्हा बाबासाहेब मजूरमंत्री होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना व तेथील अभियंता व्हूर्डुइन यांचे साहाय्य घेण्यात त्यांना संकोच वाटला नाही. पुढे मैथन, पंचेत धरणांत संथाळांची गावे बुडाली. नकाशावर ती केवळ निळी जागा! म्हणून नव्या अभियंत्याने पहिल्या नोकरीत प्रत्यक्ष जागेवरचे काम मागून घ्यावे, पुनर्वसनाचे प्रकरण स्वतः वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजी अहवाललेखनाचा सराव मात्र आठवीपासूनच हवा. त्यासाठी वसतिगृहाचे ग्रंथालय रात्री उघडे ठेवावे लागेल.