गाडी विकावी की इंजिन उघडावे?

मध्यमवर्गीय घरातले काही प्रश्न मोठे चमत्कारिक असतात. दिसतात आकड्यांचे, पण त्यांवरची चर्चा मात्र आठवणींची होते. बारा-तेरा वर्षे घरात असलेल्या मोटारीने एके दिवशी घाट चढताना दम टाकला, गॅरेजवाल्याने मान हलवून ‘इंजिन उघडावं लागेल’ असे सांगितले, की हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणतो, ‘बाबा, काढून टाका आता ती.’ आई म्हणते, ‘इतकी वर्षं कधी कुरकुरली का ती? एकदा आजारी पडली तर लगेच घराबाहेर काढायची?’ शेजारी येतात ते आपापल्या गाडीची कहाणी घेऊन. कोकणात सल्ला फुकट मिळतो आणि तो दोन्ही बाजूंनी मिळतो, त्यामुळे निर्णय होता होता पावसाळा येतो.

बँकेत असताना मोटार-कर्जांचे अर्ज तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. नव्या गाडीसाठी कर्ज मागायला येणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी अशीच एक दुखणाईत गाडी असे. त्यांच्या बोलण्यातले एक वाक्य मात्र ठरलेले : ‘गेल्याच वर्षी तिच्यावर तीस हजार घातले हो, ते वाया जायचे!’ शाखेत थकलेल्या कर्जाचा विषय निघाला, की असाच पेच पडे. अडचणीत आलेल्या कर्जदाराला आणखी रक्कम द्यावी का? तेव्हा आधी किती गेले हे पुन्हापुन्हा उगाळून काही हाती लागत नसे. आता जे देऊ ते परत येईल का, एवढेच पाहायचे असे. गाडीलाही तोच हिशेब लागू आहे. घातलेले तीस हजार गेले. ते दुरुस्तीच्या बाजूने साक्ष देऊ शकत नाहीत आणि विक्रीच्या बाजूनेही नाही.

मग पाहायचे काय? माझ्या मते गाडीला तीन वये असतात : इंजिनाचे, पत्र्याचे आणि कागदाचे. आपण पहिल्याचीच चिंता करतो. वास्तविक तिघांत तेवढे एकच वय पैसे देऊन कमी करता येते.

इंजिनाचे दुखणे ऐकून घाबरण्याआधी ते कोणते, हे नीट कळले पाहिजे. धूर बराच काही सांगतो. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले गेली असावीत. काळा धूर म्हणजे पेट्रोल-डिझेल गरजेपेक्षा जास्त जाते आहे, आणि ते दुखणे पुष्कळदा किरकोळ निघते. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि तेल पाहण्याची कांडी दुधाळ चहाच्या रंगाची निघत असेल, तर पाणी भलतीकडे जाते आहे. हेड गॅस्केटकडे पाहावे लागेल. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजण्याचे साधे उपकरण बऱ्या गॅरेजमध्ये असते. हा दाब मोजल्याशिवाय जो ‘फुल इंजिन करावं लागेल’ म्हणतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्याकडे जावे. हेड उतरवून गॅस्केट बदलणे आणि संपूर्ण इंजिन बांधणे यांच्या खर्चात फार मोठे अंतर आहे. आणि एक पथ्य : आंबा घाटात तापमानाचा काटा वर गेला, की ‘साखरप्याला पोचू, मग बघू’ म्हणू नये. गाडी तिथेच थांबवावी. तापलेल्या इंजिनाने चार मैल चालवलेली गाडी हेडच वाकवून घेते आणि थोडक्यातले काम मोठे होऊन बसते.

दुसरे वय पत्र्याचे, आणि रत्नागिरीकराने खरे घाबरावे ते याला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि वर्षभर समुद्राचा खारा वारा. मांडवी-भाट्याच्या बाजूला उघड्यावर उभी असणारी गाडी आणि तिच्याच वयाची, साताऱ्या-सोलापुरात वाढलेली गाडी शेजारी उभ्या करा. वरून रंग सारखा दिसेल. पण खाली वाकून पाहा. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींना वेगळी चासी नसते; पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. जॅक लावल्यावर पत्रा आत दबत असेल, पायाखालची मॅट उचलल्यावर गंजाचे पोपडे निघत असतील, शॉक-अ‍ॅब्सॉर्बर जिथे अंगाला जोडलेले असतात तिथला पत्रा खाल्लेला असेल, तर त्या गाडीत नवे इंजिन बांधणे म्हणजे वाळवी लागलेल्या घराला नवी कौले घालण्यासारखे आहे. इंजिनाचा भाग बदलता येतो, सांगाडा मात्र ठिगळे लावून किती टिकणार?

तिसरे वय कागदाचे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते दहा हजार झाले. पर्यावरण कर वेगळा. पण पंधरा वर्षे झाली म्हणून खासगी गाडी आपोआप भंगारात जात नाही. दिल्ली परिसरातल्या न्यायालयीन आदेशांच्या बातम्या वाचून रत्नागिरीतली गाडी मिळेल त्या भावात फुंकून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तिथले नियम इथे लागू नाहीत. कागदाचे वय कधीकधी मात्र खरोखरच निर्णय करून टाकते. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवा. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची ही गाडी मुंबईच्या कोकणी माणसाच्या ओळखीची. तिची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिथे इंजिनाचे मत कोणी विचारले नाही. आपल्या खासगी गाडीच्या बाबतीत ते विचारण्याची सोय अजून आहे.

आता आकडे मांडू. समजा, गाडी आहे तशी विकली तर सत्तर हजार येतात आणि इंजिनाला पंचावन्न हजार लागणार आहेत. दुरुस्तीचा खर्च पंचावन्न हजार, असे आपण म्हणतो. ते अपुरे आहे. विकून मिळाले असते ते सत्तर हजारही आपण तिच्यातच ठेवतो आहोत. म्हणजे सव्वा लाख. गाडी आणखी चार वर्षे चालली आणि शेवटी पंचवीस हजारांना गेली, तर एक लाख रुपये अठ्ठेचाळीस महिन्यांत खर्ची पडले : महिना सुमारे एकवीसशे. उलट सहा लाखांची नवी गाडी घेतली, तर विमा कंपन्यांच्या कोष्टकाप्रमाणे पाच वर्षांत निम्मी किंमत घसाऱ्यात जाते. म्हणजे महिना पाच हजार, आणि कर्जावरचे व्याज त्यावर. जुन्या गाडीची किरकोळ कामे धरूनही दुरुस्ती स्वस्त पडते.

पण हे गणित ‘चार वर्षे’ या दोन शब्दांवर उभे आहे. पत्रा कुजलेला असेल आणि गाडी वर्षभरातच बसली, तर तोच एक लाख बारा महिन्यांत जातो. महिना आठ हजारांच्या वर. म्हणून प्रश्न ‘इंजिन किती बिघडले आहे’ हा नाहीच. ‘इंजिन सोडून उरलेली गाडी किती चांगली आहे’ हा आहे. सांगाडा घट्ट असेल, कागदाला अवधी असेल, तर खुशाल इंजिन बांधावे. नसेल, तर गॅरेजवाला अर्ध्या पैशात करून देतो म्हणाला तरी मोहात पडू नये.

तिसरा मार्गही विचारात घ्यावा. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून मुंबईला जाण्यासाठी घरची मोटार लागतेच असे राहिले नाही. आठवड्यातून दोनदा बाजारात आणि महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे, एवढाच वापर असेल तर रिक्षाचे बिल एकदा मांडून पाहावे. मात्र घरात गुडघ्यांनी हैराण झालेले माणूस असेल आणि रात्री-अपरात्री निघावे लागत असेल, तर दारात उभ्या असलेल्या गाडीची किंमत या हिशेबात कुठेच दिसत नाही. ती घरच्यांनी एकत्र बसून ठरवायची असते, पुण्याहून फोनवर नव्हे.

आणि विकायचे ठरलेच, तर दोन गोष्टी. पहिली कायद्याची. चावी दिली, पैसे घेतले, म्हणजे गाडी विकली असे होत नाही. एकोणतीस आणि तीस क्रमांकाचे फॉर्म भरून नाव बदलले पाहिजे. राज्यातल्या राज्यात विक्रीची सूचना चौदा दिवसांत आरटीओला गेली पाहिजे. जुन्या कर्जाचा बोजा पुस्तकावर राहिला असेल, तर बँकेचा दाखला आणून तो आधी उतरवावा. अपघाताची भरपाई नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी दुसऱ्याची झाली तरी दावा आपल्या दारात येऊ शकतो.

दुसरी गोष्ट कोणत्याही फॉर्मवर लिहिलेली नाही. इंजिनात जाड तेल ओतून धूर तात्पुरता दाबायचा, ग्राहक येण्याआधी गाडी गरम करून ठेवायची, या युक्त्या सर्वांना ठाऊक असतात. घेणारा बहुधा आपल्याहून कमी ऐपतीचा असतो. कुणी नोकरीला नुकता लागलेला, कुणी बायकामुलांना पहिल्यांदा गाडीतून गावी नेणारा. त्याला दोष सांगून, गॅरेजवाल्याचा खर्चाचा कागद हातात देऊन, तेवढी किंमत कमी करून गाडी द्यावी. पंधरा-वीस हजार कमी येतील. पण रत्नागिरी लहान गाव आहे. ती गाडी उद्या मारुती मंदिराच्या चौकात आपल्यासमोर येऊन थांबणार, आणि चालवणारा आपल्याला ओळखणार. त्याने काच खाली करून नमस्कार करावा, असा व्यवहार करावा.