श्वानास तूप पचतें काय?

भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे. तींतील भूतदया निःसंशय वंदनीय; परंतु ती सबंध वाटी त्या श्वानाच्या पोटांत गेली असती तर पुढें काय झालें असतें, हा अरसिक प्रश्न २०२३ च्या होळीपासून आमच्या मनांत घर करून बसला आहे.

त्या दिवशीं पुरणपोळी होती. घरांत माणसें अकरा, आणि दारांत आमचा मोत्या. मातोश्रींनीं त्यास तूप घालून अर्धी पोळी दिली, वहिनींनीं दुसरी अर्धी, मुलांनीं आपापल्या पानांतले तुकडे, आणि आम्हीं स्वतः, कोणी पाहत नाहींसें पाहून, तूप कालवलेला भात. प्रत्येकाचें देणें ‘एवढेंसें’च होतें. मध्यरात्रीं त्यास वांत्या सुरू झाल्या. पुढचे पाय जमिनीस टेकून व मागचा भाग उंच करून तो कण्हत राहिला. पोटास हात लावूं देईना. कोणी ओवा सुचविला, कोणी हिंग. थोरल्या पुतण्यानें मात्र कोणाचें न ऐकतां त्यास पहाटेंच पशुवैद्यांकडे नेलें, म्हणून तो वांचला. स्वादुपिंडास दाह झाला होता. तीन दिवस शिरेंतून सलाईन द्यावें लागलें. मातोश्री त्या तीन दिवसांत धड जेवल्या नाहींत.

स्वादुपिंडाचे पाचक रस आंतड्यांत पोंचल्यावर जागे व्हावयाचे असतात. दाहांत ते पिंडांतच जागे होतात आणि त्याचेंच मांस पचवूं लागतात. एकदम पोटांत गेलेलें पुष्कळ स्निग्ध अन्न हें कुत्र्यांत या दुखण्याचें एक परिचित निमित्त आहे; लठ्ठ व वयस्क कुत्र्यांस भय अधिक. तूप कांहीं विष नव्हे, प्रश्न मापाचा आहे. मोठा चमचाभर तुपांत सुमारें १२० कॅलरी असतात, आणि दहा किलो वजनाच्या कुत्र्यास दिवसाकाठीं साधारण ६०० पुरतात. म्हणजे एका चमच्यांतच दिवसाच्या आहाराचा पंचमांश आला! सारें आयुष्य मुलांस बेरीज शिकविण्यांत घालविलेल्या आम्हांस ही बेरीज त्या दिवशीं सुचली नाहीं.

साध्या पोळी-भाकरीचें तसें भय नाहीं. पिष्टान्न पचविण्याची शक्ति लांडग्यापेक्षां कुत्र्यांत पुष्कळ वाढलेली आहे, असें स्वीडनमधील संशोधकांनीं २०१३ मध्यें दाखविलें. माणसाच्या उंबऱ्याशीं राहून त्यानें एवढें मिळविलें आहे.

तुपाहून वाईट वस्तु मात्र आमच्या पक्वान्नांत लपलेल्या असतात. शिऱ्यांतले बेदाणे, मनुका, द्राक्षें यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, आणि किती खाल्लीं म्हणजे बाधतील याचा नेम नाहीं. कांदा-लसूण त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. आमचीं घरें चातुर्मासांत जें वर्ज्य करितात तें मोत्यास बारमास वर्ज्य आहे. तो आमच्याहून कडक व्रतस्थ म्हणावयाचा.

आतां आमच्या घरीं त्यास घालणारा हात एकच, वहिनींचा. सणाच्या दिवशींही कोरी पोळी व बिनतुपाचा भात. मुलें कुरकुरतात. मातोश्री कांहीं बोलत नाहींत; मोत्या दारांत येऊन बसला कीं तुपाची वाटी तेवढी आपल्या पाटामागें सरकवितात.