शाळेंत दोर असावा

गेल्या दिवाळीच्या सुटींत दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मजकडे आला व त्यानें खिशांतून मुठींत दाबावयाचें एक स्प्रिंगचें यंत्र काढून दाखविलें. सहा महिने रोज वाचावयास बसतांना तो तें दाबीत असे व एका दमांत शंभर आंकडे मोजीत असे. आपल्या मनगटाचा त्यास मोठा अभिमान वाटत होता, आणि तो अगदींच निराधार होता असेंही नव्हे. बोलतां बोलतां आम्ही अंगणांतील आंब्याखालीं आलों. तेथील एका आडव्या फांदीस लोंबकळून दाखव, असें मीं त्यास सहज म्हटलें. बावीस आंकडे होतात न होतात तोंच बोटें उकललीं आणि स्वारी जमिनीवर आली! तो खट्टू झाला. माझ्या मनांत पुष्कळ दिवस घोळत असलेला एक विषय मात्र त्या प्रसंगानें वर आला. तो वाचकांपुढें, विशेषतः पालकांपुढें, मांडण्याची परवानगी घेतों.

हाताचें बळ एकाच प्रकारचें नसतें. आवळणें निराळें, चिमटींत धरणें निराळें, आणि धरलेलें न सोडणें तें आणखी निराळें. बोटें मिटविणारे मोठे स्नायु बोटांत नसतातच. ते कोपर व मनगट यांच्या मधल्या भागांत असतात, आणि त्यांच्या दोऱ्या, ज्यांस वैद्यकांत कंडरा म्हणतात, मनगटांतील अरुंद वाटेनें बोटांच्या हाडांपर्यंत जातात. हलकी स्प्रिंग शंभर वेळां दाबल्यानें हलकी स्प्रिंग शंभर वेळां दाबण्याची शक्ति येते, यापलीकडे फारसें कांहीं होत नाहीं. स्वतःच्या देहाचा भार हातांनीं तोलावयाचा असेल तर तो भारच तोलला पाहिजे.

पाश्चात्य देशांत मुठीच्या बळाच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. तेथें जाड दांड्याचें वजन उचलणें, लोखंडी चकत्या चिमटींत धरून उचलणें, कठीण स्प्रिंग मिटविणें असे प्रकार असतात. थॉमस इंच या इंग्रज मल्लाचें १७२ पौंडांचें डंबेल त्या लोकांत प्रसिद्ध आहे. वजनानें तें कांहीं अचाट नव्हे. पण त्याचा दांडा सुमारें २.४ इंच जाड असून तो मुठींत फिरूं लागतो व भलेभले बलवान लोक तें एका हातानें जमिनीपासून हलवूं शकत नाहींत. अमेरिकेंत बनणाऱ्या स्प्रिंगांपैकीं चौथ्या क्रमांकाची, जिचा जोर बनविणारे ३६५ पौंड सांगतात, ती जो किनी या गृहस्थानें १९९८ सालीं प्रथम मिटविली. हें सर्व कौतुकास्पद आहे. परंतु आमच्या मुलांनीं त्यामागें लागावें असें मी म्हणत नाहीं. आम्हांस इतक्या दूर जाण्याचें कारणही नाहीं.

कऱ्हाडाहून गोळेश्वर तें किती दूर? त्या गांवीं १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले. त्यांचें माध्यमिक शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत झालें. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत ते सहावे आले आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक, आणि त्यानंतरचें दुसरें येण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकलें, ही गोष्ट पालकांनीं मुलांस अवश्य सांगावी. पण आपल्या विषयाशीं ज्याचा निकट संबंध आहे तें असें. खाशाबा मातींतले मल्ल. मातींत घाम शोषला जातो, हात रुततो, प्रतिपक्ष्याचा लंगोट धरतां येतो. गादीवर पोशाख धरण्यास मनाई. धरावयाचें तें उघडें, घामानें निसरडें झालेलें मनगट, मान अथवा पाय. ढाक हा त्यांचा आवडता डाव. त्यांत मिठी क्षणभर सैल झाली कीं डाव फुकट गेला. अशा गादीवर पदक मिळविणारी पकड कोणत्याही यंत्रानें घडलेली नव्हती. हौद्याची माती खणणें, मुद्गल फिरविणें, जोडीदाराशीं झोंबणें यांतूनच तालमींतला हात तयार होतो. मुद्गलाचेंच पहा. त्याचें सारें वजन एका टोंकास व मूठ दुसऱ्या टोंकास. म्हणून लहानसें मुद्गलही मनगटाची कठीण परीक्षा घेतें.

आतां दोराविषयीं. दोरावर चढणें हा एके काळीं ऑलिंपिकांतला खेळ होता. १८९६ सालीं तो होता व १९३२ सालीं शेवटचा झाला. १९०४ सालीं त्यांत जॉर्ज आयसर हा पहिला आला, आणि त्याचा एक पाय लांकडी होता! आमच्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबास नवा जन्म दिला, आणि टांगलेल्या दोरावरचा मल्लखांब आजही महाराष्ट्रांत मुली फार सुरेख करतात. इतकें असून आमच्या किती शाळांत एक दोर टांगलेला आढळतो?

मी ज्या शाळेंत शिकलों तेथें तो होता. एक मुलगा वरून घसरत खालीं आला, त्याचे तळहात सोलटले, वडील रागावून शाळेंत आले, आणि दुसऱ्या दिवशीं दोर गुंडाळून कोठींत गेला तो पुन्हां निघाला नाहीं. त्या वडिलांस मी दोष देत नाहीं. मुलाचे रक्ताळलेले हात पाहून कोणाचा जीव कळवळणार नाहीं? परंतु त्या मुलास दोरावरून उतरावें कसें हें कोणी शिकविलेंच नव्हतें. हाताखालीं हात घेत उतरावें, दोरावरून घसरूं नये, इतकें आधीं शिकवून, खालीं जाड गादी घालून व शिक्षकानें जवळ उभें राहून मगच चढूं द्यावें. काथ्याचा दोर हातास बोंचतो. जाड सुती दोर बरा. जो धोका शिकवून टळतो तो टाळण्यासाठीं खेळच बंद करणें मला पटत नाहीं.

कांहीं पालक म्हणतील, परीक्षेच्या दिवसांत हें कशाला? एकेकाळीं हा प्रश्न निघाला नसता, कारण घरकामच पंजा घडवीत असे. विहिरीचें पाणी शेंदणें, जात्याचा खुंटा धरून पहांटे दळणें, उसाच्या मोळ्या बांधणें, धारा काढणें. या कामांनीं आपल्या आज्यांच्या हातांस जो चिवटपणा आला होता तो व्यायामशाळेंत जाणाऱ्या कित्येक तरुणांच्या हातीं नाहीं. ते कष्ट पुन्हां मुलींच्या माथीं यावेत असें कोण म्हणेल? पण कष्ट गेले व त्यांच्या जागीं खेळ आला नाहीं, ही मात्र उणीव आहे. २०१५ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत १७ देशांतील, भारतही त्यांत आला, सुमारें १,४०,००० प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. मुठीचा जोर दर ५ किलोंनीं कमी असलेल्यांत मृत्यूचें प्रमाण १६ टक्क्यांनीं अधिक आढळलें. मुठीचा जोर हें येथें साऱ्या देहाच्या प्रकृतीचें एक लक्षण समजावयाचें. नुसती मूठ आवळून आयुष्य वाढतें असा अर्थ कोणी काढूं नये.

शिकणाऱ्यांस दोन शब्द. आठवड्यांतून दोन-तीन दिवस पुरेत. स्नायु लवकर बळावतात, कंडरा सावकाश. म्हणून उत्साहाच्या भरांत रोज लोंबकळणाऱ्याचें कोपर महिन्याभरांत दुखूं लागतें आणि मग तो कंटाळून सगळेंच सोडून देतो. दोर नसेल त्यानें आडव्या बारवर जाड पंचा टाकून त्याचीं दोन्हीं टोंकें धरून लोंबावें. ओलीं कपडे पिळणें हाही चांगला व्यायाम आहे, आणि त्यानें आईचेंही काम होतें.

वार्षिक क्रीडामहोत्सवांत धांवण्या-उड्यांच्या शर्यती असतात, त्यांजबरोबर या दोन ठेवाव्यात अशी माझी सूचना आहे. एक, बारला किंवा दोराला अधिकांत अधिक वेळ लोंबकळणें. दुसरी, वाळूनें भरलेल्या दोन बादल्या घेऊन, त्या खालीं न ठेवतां, मैदानावर अधिकांत अधिक अंतर चालणें. पहिलींत किडकिडीत मुलाचा फायदा, दुसरींत अंगानें भरलेल्याचा. धांवण्यांत दर वर्षीं शेवटचा येणारा जाडा मुलगा बादल्यांच्या शर्यतींत पहिला आलेला मीं स्वतः पाहिला आहे. त्या दिवशीं तो बक्षिसाचा पेला घेऊन घरीं गेला तो वाटेंत भेटेल त्यास दाखवीत. मुलींस दोन्हीं शर्यती खुल्या असाव्यात.

तो दहावींतला विद्यार्थी मागील आठवड्यांत पुन्हां आला होता. यंत्र त्यानें आणलें नव्हतें. त्याच फांदीस तो एक मिनिट पांच सेकंद लोंबकळला. त्याची धाकटी बहीण बरोबर होती. ती एक मिनिट वीस सेकंद राहिली, आणि उतरल्यावर दोर केव्हां येणार म्हणून विचारूं लागली.