लाल चेहरा आणि मेडिकलमधली ट्यूब

गाल आणि नाक कायम लाल, उन्हातून आलं की चेहऱ्याची आग, मधूनच पुटकुळ्या. ही लक्षणं रोझेशियाची असू शकतात, पण टिटवाळा-कल्याण पट्ट्यात हे नाव क्वचितच ऐकू येतं. सावळ्या कातडीवर लाली तपकिरी झाकेत लपते, त्यामुळे ‘उष्णता झाली’ म्हणून विषय संपतो. कल्याणला त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं तर दिवस मोडतो. त्यापेक्षा स्टेशनवरून घरी येताना मेडिकलमधून एक ट्यूब घेणं सोपं वाटतं.

त्या ट्यूबची मला खरी काळजी वाटते. तिच्यात अनेकदा बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासॉल असतं, म्हणजे स्टेरॉइड. ते रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळतो आणि औषध लागू पडलं असं वाटतं. पुढे कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात आणि मलम थांबवलं की लाली आधीपेक्षा जोरात उसळते. मग पुन्हा तेच मलम. रोझेशिया नसलेल्या माणसालाही महिनोन्‌महिने ते लावून असाच चेहरा येतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशभरातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याचे विकार घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी सुचवलेलंच नव्हतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडची मलमं अनुसूची ‘एच’मध्ये घातली. तेव्हापासून ती चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. हा नियम काउंटरवर पाळला गेलाच पाहिजे.

रोझेशियावर लावायची औषधं आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं. मेट्रोनिडाझोल, अॅझेलिक अॅसिड आणि आयव्हरमेक्टिन प्रामुख्याने पुटकुळ्या आणि दाह कमी करतात. त्यांना काही आठवडे द्यावे लागतात. सततच्या लालीसाठी ब्रिमोनिडिनचं जेल आहे. अमेरिकेत त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. तेही रक्तवाहिन्या आकसवतं, पण परिणाम सुमारे १२ तासच टिकतो, आणि काहींना तो उतरताना लाली उलटून येते. म्हणजे हेसुद्धा शेजारणीच्या सांगण्यावरून आणायचं औषध नव्हे. दिसणाऱ्या शिरांवर मलम फारसं चालत नाही, तिथे लेझर लागतं.

ऊन, कढत चहा, झणझणीत जेवण आणि दारू यांनी लाली भडकते. कोणाला कशाने, हे ज्याचं त्याने टिपून ठेवावं. सनस्क्रीन मात्र रोजचं, टोपी किंवा छत्रीसह.

तुमच्या घरी अशी ट्यूब असेल तर ती पिशवीत टाकून डॉक्टरांना दाखवायला न्या. बरेच दिवस लावली असेल तर एकदम बंद करायची की हळूहळू, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि टिटवाळ्यातल्या मेडिकलवाल्यांनो, चिठ्ठी नसेल तर गिऱ्हाइकाला नाही म्हणा.