दातांचं माप उकळता येत नाही, मग ते स्वच्छ कसं होतं?

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दातांचे छोटे दवाखाने जागोजागी दिसतात. यातल्या एखाद्या ठिकाणी तुम्ही कॅप, ब्रिज किंवा कवळी करून घेतली असेल, तर माप दिल्याचं आठवत असेल. ट्रेमध्ये मऊ लगदा भरतात, तोंडात दाबून धरतात आणि तो घट्ट झाला की खटकन बाहेर काढतात. सुई नवी आहे ना, हे आपण आता बघायला शिकलोय. पण थुंकी आणि कधीकधी रक्तही लागलेलं हे माप पुढे कुठे जातं, हे कोणी विचारत नाही.

आत्ता हा विषय का?

तामिळनाडूत वाणियंबाडी इथे २०२३ मध्ये दातांच्या एका दवाखान्यातून गंभीर जंतुसंसर्ग पसरला आणि ८ रुग्ण दगावले. २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशियाविषयीच्या नियतकालिकात याचा अभ्यास आला, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. तिथे संशयाची सुई वळली ती सलाइनच्या उघड्या बाटलीकडे. म्हणजे प्रकरण मापाचं नव्हतं. पण ज्या साध्या वस्तूकडे कोणाचं लक्ष जात नाही तीच घात करू शकते, हे त्यातून दिसलं. माप ही तशीच वस्तू आहे.

उकळून का घेत नाहीत?

चिमटे, आरसे ऑटोक्लेव्हमध्ये जातात. हे यंत्र म्हणजे थोडक्यात मोठा प्रेशर कुकर: १२१ अंशांवर साधारण १५ मिनिटं दाबाखालची वाफ. एवढ्या उष्णतेत मापाचा आकारच बिघडतो. सगळ्यात स्वस्त आणि सर्रास वापरलं जाणारं अल्जिनेट हे समुद्री शेवाळापासून बनतं. ते पाण्यात जास्त वेळ ठेवलं तर फुगतं, उघड्यावर ठेवलं तर सुकून आक्रसतं. दोन्हीकडून अडचण! आकार केसभर बदलला तरी कॅप नीट बसत नाही.

त्यामुळे मापाचं सहसा निर्जंतुकीकरण होत नाही, जंतुनाशन होतं. शब्द जवळचे वाटतात, पण पहिल्यात सगळे जंतू मरतात, दुसऱ्यात बहुतेक. रूढ पद्धत अशी: तोंडातून काढल्या काढल्या माप वाहत्या पाण्याखाली धुवायचं, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात साधारण १० मिनिटं बुडवायचं किंवा फवारा मारून झाकून ठेवायचं, पुन्हा धुवायचं आणि लगेच त्यात प्लास्टर ओतायचं. सिलिकॉनचं माप महाग, पण जंतुनाशकात जास्त तग धरतं.

यातली पहिली पायरी सगळ्यात स्वस्त आहे आणि घाईत तीच सुटते. थुंकी-रक्ताचा थर तसाच राहिला तर वरून टाकलेलं औषध आतल्या जंतूंपर्यंत नीट पोहोचत नाही.

मग चुकतं कुठे?

दवाखाना आणि लॅब यांच्यामध्ये. कॅप बहुतेक वेळा डॉक्टर स्वतः बनवत नाहीत. माप किंवा प्लास्टरचा साचा पिशवीत घालून डेंटल लॅबला जातो. दवाखान्याला वाटतं लॅब बघून घेईल, लॅबला वाटतं दवाखान्याने केलंच असेल. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २००३ मध्येच सांगितलंय की माप कोणत्या औषधाने स्वच्छ केलं, हे दोघांनी एकमेकांना कळवावं. आपल्याकडे पिशवीबरोबर दाताचा रंग आणि रुग्णाचं नाव लिहिलेली चिठ्ठी जातेच. त्यावर आणखी एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो?

सगळ्यात आधी धोका आहे तो लॅबमधल्या कारागिराला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. मापावरचे जंतू प्लास्टरच्या साच्यातही उतरतात. तो साचा घासताना धूळ उडते, आणि तयार झालेली कॅप परत कोणाच्या तरी तोंडात जाते.

म्हणजे घाबरायचं का?

नाही. मापामुळे रुग्णाला थेट लागण झाल्याची सिद्ध उदाहरणं सापडणं कठीण आहे. पण लागण सिद्ध करणंच अवघड असतं, हेही खरं. हिपॅटायटिस बीची लक्षणं दिसायला दोन-तीन महिने जातात. तोवर दाताचा डॉक्टर कोणाच्या डोक्यातही नसतो.

देखरेखीचं काय? दवाखान्यांसाठी किमान निकष ठरवणारा २०१० चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याचा १९४९ चा नर्सिंग होम कायदा मुख्यतः रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. एका खुर्चीचा दवाखाना त्यात सहज बसत नाही. त्यामुळे सध्या तरी विचारणं आपल्याच हातात आहे. 'डॉक्टर, माप लॅबला पाठवण्याआधी कशात बुडवता? आणि आलेली कॅप बसवण्याआधी?' असं विचारलं तर चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट बाटली काढून दाखवतो.

काही दवाखान्यांत आता माप न घेता तोंडात स्कॅनर फिरवतात. काही लाखांचं यंत्र, लगदा नाही, पिशवी नाही. फक्त त्याचं टोक आधीच्या रुग्णानंतर ऑटोक्लेव्ह केलंय किंवा बदललंय का, तेवढं विचारा.