उसण भरली, पाठ कोणाच्या हाती द्यावी?

मृगाच्या तोंडावर घरातले कर्ते माणूस अंथरुणाला खिळले म्हणजे काय हाल होतात, हे शेतकऱ्याच्या घरी सांगायला नको. यंदा ती पाळी आमच्यावर आली. ट्रॉलीतून खताच्या गोण्या उतरवायच्या होत्या. सात-आठ झाल्या होत्या. पुढची ५० किलोची गोणी ह्यांनी ओढली, पाय जागीच रोवून नुसते कमरेतून वळले आणि ‘आई गं’ म्हणून खालीच बसले. सरळ होता येईना की वाकता येईना. कमरेत उसण भरली होती. दोघांनी खांद्याला धरून ओसरीवर आणून निजवले.

मंडळी, पुढे जे झाले ते तुमच्याही घरी होत असेल. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “अगं, खालच्या आळीतल्या त्या पायाळू पोराला बोलीव. पाठीला पाय लावला की उसण निघून जाती.” शेजारच्या काकांनी बाजारच्या गावातल्या हाडवैद्याचे नाव काढले. पुण्याला नोकरीस असलेला पुतण्या फोनवर म्हणाला, “काकू, काकांना इकडंच घेऊन या. इथं एक कायरोप्रॅक्टर आहेत. मोबाईलवर बघा, माणूस वाकडा येतो, पाठ कटकट वाजते आणि सरळ चालत जातो.” त्याने ते हलते चित्रही पाठवले. दहा बैठका घ्याव्या लागणार होत्या, त्यांचे आठ हजार रुपये आगाऊ. शिवाय जाण्यायेण्याचा खर्च निराळा. गोठ्यात दोन शेळ्या होत्या. त्यातली एक विकावी असे माझ्या मनाने जवळजवळ घेतलेच होते.

विकण्याआधी ह्यांना ग्रामीण रुग्णालयात दाखवून आणले. डॉक्टरीणबाईंनी निजवून एकेक पाय वर उचलून पाहिला, टाचांवर आणि चवड्यांवर चालवून पाहिले, लघवीची आणि तापाची चौकशी केली. मग म्हणाल्या, “धोक्याचं काही नाही. फोटो काढायची गरज नाही. झोपून राहू नका, जमेल तसं हिंडतंफिरतं राहा.” ह्यांचा चेहरा उतरला. एवढ्या दुखण्याला नुसते हिंडाफिरा? तेव्हा मी ठरवले, की हे कायरोप्रॅक्टिक आहे तरी काय, आणि घरच्या घरी करण्याने खरेच भागते का, ते नीट वाचून काढायचे. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

ही विद्या अमेरिकेतली. आयोवा नावाच्या शेतीच्या प्रांतात डेव्हनपोर्ट गावी पामर नावाचे एक गृहस्थ लोहचुंबकाने रोग बरे करण्याचा व्यवसाय करीत. १८९५ साली त्यांनी इमारतीच्या एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे त्यांचे सांगणे. मणका जरासा सरकला की मज्जातंतू दाबला जातो आणि बहुतेक सारे रोग त्यातूनच होतात, असे त्यांनी मांडले. तो मोठा दावा पुढे कसोटीला उतरला नाही. पाठीवर हात चालवण्याचे कसब मात्र टिकले आणि जगभर पसरले.

तो ‘कट’ आवाज ऐकून आपल्याला वाटते, सरकलेले हाड जागेवर बसले. तसे नसते. सांध्यात वंगणासारखे पाणी असते. सांधा एकदम ताणला की त्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटे मोडताना येतो तोच. हाड जागचे हललेलेच नसते, मग ते बसायचे कुठे?

मग लोकांना बरे कसे वाटते? एक तर हात फिरल्याने आखडलेले स्नायू सैल पडतात, कोणी आपले दुखणे मन लावून ऐकून घेतले की जीवालाही बरे वाटते. हे खोटे नाही. पण दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांच्या आत आपोआपच बरीच उतरते. दुखणे अगदी टोकाला गेले की आपण कोणाकडे तरी धावतो, आणि टोकाला गेलेले दुखणे तिथून उतरणारच असते. मग पायाळूने पाय लावलेला असो, हाडवैद्याने ओढलेले असो की शहरातल्या माणसाने पाठ वाजवलेली असो, यश त्याच्या पदरात पडते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसे.

हे ताडून पाहायचे तर एकाच दुखण्याच्या माणसांची वाटणी करून तुलना करावी लागते. तशी ती अमेरिकेत सिॲटल भागात झाली आणि १९९८ साली छापून आली. कंबर दुखणाऱ्या ३२१ माणसांच्या तीन वाटण्या केल्या. काहींना कायरोप्रॅक्टरकडे धाडले. काहींना व्यायाम शिकवणाऱ्याकडे धाडले. राहिलेल्यांच्या हातात कंबर कशी सांभाळावी याचे एक पुस्तक तेवढे दिले. दोन वर्षे सगळ्यांवर लक्ष ठेवले. हातांनी उपचार घेणारे आणि व्यायाम शिकलेले, दोघे जवळजवळ बरोबरीचे निघाले. पुस्तकवाल्यांपेक्षा ते बरे होते, पण अगदी किंचित. खर्चाचा आकडा मात्र पाहा. कायरोप्रॅक्टरवाल्यांना माणशी सरासरी ४२९ डॉलर लागले, व्यायामवाल्यांना ४३७, आणि पुस्तकवाल्यांना १५३. आता तुम्हीच सांगा, त्या किंचित फरकासाठी शेळी विकायची का?

फिनलंड देशात हेलसिंकी शहराच्या नोकरांवर असाच प्रयोग झाला, तो १९९५ साली छापला गेला. नव्याने कंबर धरलेल्या १८६ जणांपैकी काहींना दोन दिवस सक्तीने निजवले, काहींना व्यायाम दिला आणि काहींना सांगितले की सोसवेल तेवढे रोजचे काम करीत राहा. शेवटचे लोक सगळ्यांत लवकर सुधारले आणि निजवलेले सगळ्यांत उशिरा. आमच्या डॉक्टरीणबाई काय सांगत होत्या, ते तेव्हा मला उमगले.

आता घरी काय केले ते सांगते. पहिला दिवस ह्यांना उताणे निजवून गुडघ्यांखाली वाकळेची गुंडाळी दिली. तव्यावर वाळू तापवून तिची पोटली केली आणि फडक्यावरून सोसेल तेवढाच, पंधरा-वीस मिनिटे शेक दिला. निर्गुडीचा पाला बांधला तरी हरकत नाही, पण बिब्बा घालणे आणि डाग देणे अजिबात नको. त्याने कातडी जळते, कंबर राहते तशीच. उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने उठायचे. तास-दीड तासाने ओसरीवर चार फेऱ्या घालायच्या. दुसऱ्या दिवसापासून पोटावर निजून कोपरांच्या आधाराने छाती थोडी उचलायची, भुजंगासनाच्या अर्ध्यावर. न्यूझीलंडच्या मॅकेंझी नावाच्या व्यायामतज्ज्ञांनी हा प्रकार पुढे आणला. १९५६ साली त्यांचा एक रोगी चुकून वर उचललेल्या खाटेवर पालथा पडून राहिला आणि त्याला आराम पडला. त्यातून त्यांना ही वाट दिसली. यातली खूण ध्यानात ठेवा. पायात उतरलेली कळ वर कमरेकडे सरकत आली तर व्यायाम मानवतो आहे. कळ पायात आणखी खाली उतरू लागली तर तो बंद करा आणि डॉक्टरांना विचारा. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून मनाने आणू नका. ज्यांना पोटात जखमेचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांना त्या बाधतात. बाजारात विनानावाच्या पुड्या मिळतात, त्यांच्या तर वाटेला जाऊ नका. पुष्कळदा त्यांत चोरून स्टेरॉइड घातलेले असते.

पण बायांनो, दादांनो, एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १९९० च्या सुमाराची हकीगत. माझ्या मामीची पाठ दुखत असे. रात्री दुखणे वाढे, संध्याकाळी बारीक ताप येई, अंग वाळत चालले होते. घरच्यांनी तीन महिने तिला एका हाडवैद्याकडे ओढून-दाबून घेतले. पायांतली शक्ती गेली तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेले. मणक्याचा क्षय निघाला. औषधांनी मामी वाचली, पण पुन्हा कधी काठीवाचून चालली नाही. ते तीन महिने आजही आमच्या मामांच्या घशाशी अडकलेले आहेत.

म्हणून ही लक्षणे असतील तर ना पायाळू, ना कायरोप्रॅक्टर, ना घरचा शेक. ताप येतो, वजन घटते, रात्री निजूनही दुखणे थांबत नाही, पूर्वी कधी कर्करोग झालेला आहे, झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यावर दुखू लागले, अशा वेळी लगेच डॉक्टर गाठा. पायातली शक्ती कमी होत असेल, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, अथवा बसण्याच्या जागी मुंग्या येऊन बधिरपणा आला, तर सकाळची वाटही पाहू नका, त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठा. उशीर झाला तर ते नुकसान भरून येत नाही. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तेव्हा त्याला लपवण्याचेही कारण नाही.

एवढे सांगूनही कोणाला हातांचा उपचार घ्यावासा वाटला, तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यांत व्यायाम आणि माहिती यांच्याबरोबर हातांनी मणका हलवण्याचे उपचारही धरले आहेत. कमरेचा पट्टा मात्र नेमाने बांधू नये, असे त्यांत म्हटले आहे. तेव्हा जायचेच तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. तो माणूस कोठे आणि किती वर्षे शिकला ते विचारा. आगाऊ दहा बैठकांचे पैसे देऊ नका. तीन-चार वेळा जाऊन फरक नसेल तर थांबा. मानेला झटका देऊ देऊ नका, कारण क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याची उदाहरणे आहेत. म्हाताऱ्या माणसांची हाडे ठिसूळ असतात, त्यांना तर दाबून घेऊच नये. आणि तुम्हाला घरी करायचा व्यायाम जो शिकवत नाही, त्याला तुमची कंबर बरी करण्यापेक्षा तुमचे येणे चालू राहण्यात रस आहे, असे समजा.

ह्यांचे म्हणाल, तर पाचव्या दिवशी बांधापर्यंत चालत गेले. पेरणी सावडीने उरकली. चौथ्या आठवड्यात ते कामाला लागले. शेळी गोठ्यातच आहे. आता रोज पहाटे अर्धा तास चालतात. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांची पाहणी २०२४ साली छापली गेली. ज्यांना नेमाने चालायला लावले त्यांच्यातल्या निम्म्यांचे दुखणे उलटायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांच्यात ११२. रानात दिवसभर राबतो, मग वेगळे चालायचे कशाला, असे हेही म्हणाले होते. पण वाकून राबणे निराळे आणि ताठ पाठीने चालणे निराळे. गोणी आता दोघांनी धरायची, छातीशी घ्यायची आणि वळायचे ते पायांनी, कमरेने नव्हे.

शेवटी एक सांगायचे राहिले. एके दिवशी संध्याकाळी हे ओसरीवर पालथे निजून व्यायाम करीत होते. मी पाण्याचा हंडा उचलला आणि नेहमीसारखा कमरेवर हात ठेवला. त्यांनी विचारले, “तुझी कधीपासून दुखती?” मी हिशेब केला. धाकट्याच्या बाळंतपणापासून, म्हणजे सतरा वर्षे. त्या सतरा वर्षांत पायाळू कोणी बोलावला नाही, पुण्याहून फोन आला नाही, शेळीचा तर प्रश्नच नव्हता. दोष मी कोणाला देत नाही. मीच कधी बोलले नव्हते.

आपली कंबर आपण सांभाळावी हे खरे, पण जिला वाकून खुरपायचे, वाकून भांडी घासायची आणि वर पाणी भरायचे, तिने एकटीने ती कशी सांभाळावी? घराने कामे वाटून घेतली नाहीत तर पुस्तकातला व्यायाम पुस्तकातच राहतो. आमच्याकडे आता हंड्याऐवजी दोन लहान कळशा आहेत आणि त्या धाकटा भरतो. भांडी घासायला मोरीत उंच ओटा केला. खुरपणीला लांब दांड्याचे हातकोळपे आणले. त्याच्याने सगळे होत नाही, पण निम्मे वाकणे वाचते.

परवा मी दुपारी खुरपत होते. आत्याबाई बांधावरून म्हणाल्या, “पुरं कर गं. ये, सावलीला जरा पाठ टेक.” तुमच्याही घरात कोणाची तरी पाठ न बोलता दुखत असेल. आज जेवताना एवढे विचाराच.