भिशीचे पैसे आणि रबराचा पोशाख

यंदा नागपंचमीला शिराळ्याला माहेरी गेले होते. पुरणाची दिंडं उकडायला ठेवून वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, जरा माडीवर या. आईंना सांगू नका."

वर कॉटवर काळा, जाडसर, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा पोशाख पसरून ठेवलेला. मी तर दचकलेच! "वेटसूट म्हणतात याला," वहिनी म्हणाली. "पुण्याच्या भाचीनं मैत्रिणीचा बघायला आणून दिलाय. पुढच्या महिन्यात माझी भिशी लागतेय, म्हटलं असाच एक नवा घ्यावा."

आमची ही वहिनी त्रेचाळीस वर्षांची. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली आणि दोन वर्षांपासून मळ्यातल्या विहिरीत पुन्हा पोहते. (वारणेत मगरी आहेत, तेव्हा नदीचं नाव नको, हे आमच्या दादाचं बरोबरच आहे.) मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, तिथे एक किलोमीटर पोहायचं तिच्या मनात आहे. हल्ली गावोगावच्या बायका अशा शर्यतींत उतरू लागल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न तुमच्याही घरात येईल म्हणून सविस्तर लिहिते.

वेटसूट मुळात थंडीसाठी. १९५०च्या सुमारास अमेरिकेत ह्यू ब्रॅडनर नावाच्या शास्त्रज्ञानं तो तयार केला. निओप्रीन नावाच्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेनं कोमट होतो आणि रबर ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. हवेपेक्षा पाणी आपल्या अंगातली ऊब पंचवीसएक पट वेगानं ओढून घेतं, म्हणून थंड मुलखात त्याची गरज पडते. शिवाय त्या बुडबुड्यांमुळे माणूस तरंगतो, पाय वर राहतात, वेग वाढतो. थोडक्यात, आपला भोपळाच तो, फक्त अंगभर शिवलेला!

म्हणूनच शर्यतींत त्याला नियम आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पाणी १८ अंशांच्या खाली असेल तर वेटसूट सक्तीचा, १८ ते २० अंशांत ज्याची त्याची मर्जी आणि त्याहून गरम पाण्यात मनाई. आता मालवणचा समुद्र डिसेंबरातसुद्धा २७-२८ अंशांच्या आसपास असतो. तिथे हा पोशाख म्हणजे वैशाखात गोधडी पांघरून दळण कांडण्यासारखं.

आणि उकाडा ही थट्टेची गोष्ट नाही. २०१० साली अमिरातीत फुजैरा इथे फ्रॅन क्रिपन हा अमेरिकेचा नामांकित, ऐन उमेदीतला जलतरणपटू १० किलोमीटरच्या शर्यतीत गेला. पाणी ३० अंशांच्या आसपास होतं. त्यानंतर ३१ अंशांच्या वर शर्यतच घ्यायची नाही, असा नियम झाला. पाण्यात घाम आलेला कळत नाही, तहान कळत नाही, हाच त्यातला धोका.

उलट आरती साहांचं पाहा. इंग्लंडची खाडी पोहून जाणारी ही पहिली आशियाई स्त्री. ऑगस्ट १९५९ मधला पहिला प्रयत्न सोडावा लागला. २९ सप्टेंबरला पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत पार झाली. तिथलं पाणी आपल्या दातखिळी बसवील असं! तरी अंगावर साधा पोहण्याचा पोशाखच, कारण त्या खाडीच्या पोहण्याला वेटसूट चालतच नाही.

हे सगळं मी वहिनीला ऐकवलं. ती गप्प. मग म्हणाली, "वन्सं, थंडीचं कुणाला पडलंय? अंग झाकलं जातं हो त्यात."

खरी गोष्ट ही होती तर! दोन मुलांची आई, शिराळ्यातली सून, मालवणच्या गर्दीत उघड्या मांड्यांनी कशी चालायची? मी तिला हसले नाही. तुमच्याही घरी कुणी हसू नये.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी मळ्यात गेलो. सूट चढवायलाच वीस मिनिटं लागली. विहिरीत दहा फेऱ्या झाल्या आणि वहिनी लालबुंद होऊन पायरीवर बसली. गळ्यापाशी कातडी सोललेली. "भट्टीत घातल्यागत झालं," एवढंच बोलली.

अंग झाकायला रबर लागत नाही. नायलॉन-लायक्राचा, लांब बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो. तो तरंगवत नाही, उकडत नाही, आणि जेलीफिशच्या डंखापासूनही थोडा बचाव होतो. मात्र काही स्पर्धांत खांदे आणि घोट्याखालचा भाग झाकलेला चालत नाही, तेव्हा घेण्याआधी संयोजकांना विचारून लेखी उत्तर घ्यावं. घेतला की नवाकोरा घालून शर्यतीत उतरू नका, महिनाभर त्यातच सराव करा. गळा आणि काखेला व्हॅसलीन चोळावं, खारं पाणी फार काचतं.

राहता राहिला किनाऱ्यावरचा प्रश्न. तो आईनं सोडवला. तिला कळायचं ते कळलंच होतं! तिनं दोन जुने मोठे टॉवेल काढले, खांद्यावर जोडले, डोकं जाईल एवढी फट ठेवली, कडेला बंद लावले. पाण्यातून बाहेर आलं की वरून घालायचं आणि आतल्या आत कपडे बदलायचे. बंद मात्र कमरेच्या जरा वर लावा. आमच्या पहिल्या झग्याचे फार खाली गेले आणि वारं आलं की बाजू उघडी पडायची.

भाचीचा सूट परत गेला. संयोजकांना पत्र गेलं आहे, आणि भिशीचे पैसे अजून डब्यातच आहेत.